अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये आहे: प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणारे लिपिक बंधू-भगिनी यांस,

स. न. वि. वि.

प्रवेशाची धामधूम ओसरू लागली की तुमच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. ‘सर्व मागासवर्गीय व ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले आहेत. विद्यार्थ्यांनी अर्ज त्वरित भरून प्रत कार्यालयात जमा करावी. मुदतीनंतर महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ पुष्कळदा तो कागद गेल्या वर्षीचाच असतो. वर्षाच्या आकड्यावर व्हाइटनर लावून नवा आकडा घातलेला असतो, इतकेच.

हे पत्र त्यातल्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. मुलांचे अर्ज भरून देणे आणि परत आलेले अर्ज दुरुस्त करून देणे हे आमचे रोजचे काम. त्यातून दिसते ते असे, की महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याने ‘सबमिट’ दाबले की अर्ज आधी तुमच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो. तिथून तो प्राचार्यांच्या लॉगिनला जातो आणि मगच समाजकल्याण, आदिवासी विकास, उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षण अशा त्या-त्या विभागाकडे. म्हणजे पहिली दोन स्टेशने तुमच्याच इमारतीत आहेत. शिवाय मुलाला अर्ज उघडता येण्याआधीच तुमच्याकडून एक काम झालेले असावे लागते. त्याबद्दल पुढे येईलच. तेव्हा ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य कायद्याच्या भाषेत शोभत असेल, वस्तुस्थितीत बसत नाही.

पहिला घोळ ‘शिष्यवृत्ती’ या शब्दातच आहे. हा शब्द ऐकला की मुलांना वाटते, ही हुशार पोरांची गोष्ट. पंचेचाळीस टक्क्यांचा मुलगा त्या नोटिशीवरून नजर फिरवून पुढे जातो. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला गुणांची अट नाही, हे त्याला कोणी सांगतच नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असले की शुल्क तर मिळतेच, वर शैक्षणिक भत्ता मिळतो. व्यावसायिक पदवीच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,०००. सगळ्यात खालच्या गटात, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, हेच आकडे ४,००० आणि २,५०० आहेत. दिव्यांग विद्यार्थ्याला दहा टक्के जास्त.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले की योजनाच बदलते. मग ती ‘शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क’, म्हणजे तुमच्या भाषेत फ्रीशिप. यात शुल्क मिळते, भत्ता नाही. पोर्टलवर या दोन योजनांची नावे एकाखाली एक दिसतात आणि सायबर कॅफेवाला वरची निवडून मोकळा होतो. दाखल्यावर उत्पन्न २,६०,००० आणि अर्ज शिष्यवृत्तीचा, असा अर्ज परत येणारच.

इतर प्रवर्गांत शुल्काचाच भाग मोठा. व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी मुलांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिला कार्यालयात अजून ‘ईबीसी’च म्हणतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न, निम्मे शिक्षण शुल्क, आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. शाहू महाराजांच्या नावाने आणखी दोन योजना आहेत हे लक्षात असू द्या: अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती आणि परदेशी शिक्षणासाठीची. ‘शाहू महाराजांचा फॉर्म भर’ एवढेच सांगून मुलाला पाठवले की तो तिघांतला कुठला भरेल, सांगता येत नाही.

मुलींच्या बाबतीत तर चित्रच बदलले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. आधी ते पन्नास टक्के होते. बातम्यांमध्ये मात्र ‘मुलींना मोफत शिक्षण’ असे आले आणि पालक रिकाम्या हाताने प्रवेशाला आले. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस, ओळखपत्र, गॅदरिंग यांतले काहीही या माफीत नाही. हे खिडकीवर वाद घालून सांगण्यापेक्षा शुल्काच्या पत्रकावरच दोन रकाने करा: शासन देणार ते आणि तुम्ही भरणार ते.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक प्रवेशाच्या मार्गाची. ईबीसी आणि मुलींची शुल्कमाफी या दोन्हींना व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातली जागा चालत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठेही या दोन योजनांच्या बाहेर आहेत. जागा भरायच्या नादात ‘आधी ॲडमिशन घ्या, स्कॉलरशिपचं बघू’ असे प्रवेशाच्या टेबलावर सर्रास सांगितले जाते. पोर्टलवर ‘कॅप’ या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर दिले की ती योजना यादीतून गायब होते. तोवर पहिला हप्ता भरलेला असतो आणि दुसऱ्या कॉलेजातली जागा गेलेली असते. जागा कोणत्या कोट्यातली आहे आणि तिच्यावर कोणती सवलत मिळणार नाही, हे प्रवेशाच्या पावतीवर छापायला एक ओळ पुरते.

राहण्या-जेवण्याच्या पैशांबद्दल तर नोटीस बोर्ड पूर्ण मुका आहे. शहरात शिकायला आलेल्या मुलाचा खरा खर्च शुल्काचा नसतो, खोलीचा आणि डब्याचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलाला मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर महापालिका शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी वगैरेंसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

इथे क्रम चुकला की सगळे गेले. स्वाधारसाठी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरलेला असावा लागतो, कारण ‘प्रवेश मिळाला नाही’ हीच तर पात्रता आहे. वसतिगृह मिळणार नाहीच, मग अर्ज कशाला, असे म्हणून मुले तो भरतच नाहीत. दुसरी अडचण भाड्याच्या कराराची. चार मुले मिळून एक खोली घेतात, करार एकाच्याच नावावर असतो आणि उरलेल्या तिघांकडे पुरावा काही नाही. चौघांचीही नावे करारात घालून घ्या, एवढे जून महिन्यात कोणीतरी सांगायला हवे. पंजाबराव देशमुख योजनेत अल्पभूधारकाचा दाखला तहसील कार्यालयातून काढावा लागतो. नुसत्या सातबाऱ्याची झेरॉक्स चालत नाही.

आता कागदपत्रे. मुलगा बारावीत असतानाच सांगितले तरच यांचे काम वेळेत होते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. शेतकरी-मजुरांसाठी तलाठ्याचा अहवाल, नोकरदारांसाठी फॉर्म १६. लोकसेवा हक्क कायद्यानुसार तो पंधरा दिवसांत मिळायला हवा. पण निकाल लागला की सेतू केंद्रांवर एकाच आठवड्यात सगळा तालुका लोटतो आणि सर्व्हर बसतो. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. ते वर्ष कोणते, हे वाचायची सवय मुलांना लावा. फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला अर्जाच्या वेळी कालबाह्य झालेला असू शकतो. वडील वारले असतील तर दाखला आईच्या नावाने आणि सोबत मृत्यू दाखला. भावाच्या किंवा काकांच्या उत्पन्नाचा दाखला चालत नाही.

नॉन क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातल्या प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला एकच समजणारे विद्यार्थीच काय, कर्मचारीही पुष्कळ आहेत. नॉन क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत, उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र ते येते. त्यामुळे शिक्षकाच्या मुलीकडे नॉन क्रिमीलेअर असू शकते आणि तरी तिच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या वर असू शकते. एकाच्या जागी दुसरे अपलोड केले की अर्ज परत येतो. आणि तो तसा परत येणे बरोबरच आहे.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे जायला हवा. समिती पुरावा मागते तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळेतला दाखला, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत अशा गोष्टी शोधायला आठवडे जातात. वडिलांचे, चुलत्याचे किंवा आत्याचे वैधता प्रमाणपत्र घरात असले तर काम बरेच सोपे होते. ‘घरात कोणाची व्हॅलिडिटी झाली आहे का?’ हा प्रश्न तुमच्या प्रवेश अर्जात नसेल तर घाला.

स्कॅन करण्यातही अर्ज अडकतात. पोर्टल फाइल घेते ती १५ ते २५६ केबीच्या आत. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो कुठल्या तरी ॲपवर इतका दाबतात की तहसीलदारांचा बारकोड आणि दाखला क्रमांक धुरकट होतो, आणि तेच दोन तपासायचे असतात. रंगीत स्कॅन दीडशे डीपीआयवर, कडा कापून, एका पानाची एक फाइल केली की सहसा मर्यादेत बसते. कॉलेजच्या ग्रंथालयात स्कॅनर असतोच. आठवड्यातून दोन दुपारी तो मुलांना उघडा करून दिला तर कोणाचे काय जाते?

सायबर कॅफेबद्दलही इथेच बोलून घेऊ. तिथे अर्ज भरणे हा गुन्हा नाही, पुष्कळांना दुसरा मार्गही नसतो. पण कॅफेवाला नोंदणी करताना स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, कारण ओटीपीसाठी मुलाची वाट बघायला त्याला वेळ नसतो. पासवर्ड त्याच्या वहीत. पुढे अर्ज परत आल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर येतो, आणि त्याला अशा दोनशे मुलांचे मेसेज येत असतात. मुलाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायला गेला की जुने लॉगिन उघडत नाही. मग नवे प्रोफाइल काढतात आणि एकाच आधारवर दोन प्रोफाइलची गुंतागुंत होते. लॉगिन आयडी, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक मुलाच्या स्वतःच्या वहीत लिहिलेला असल्याशिवाय अर्जाची प्रत जमा करून घेऊ नका. तुमच्या खिडकीवर हा एक नियम लागला तरी निम्मा त्रास वाचेल.

पोर्टलवर ‘राईट टू गिव्ह अप’ नावाचा एक पर्याय आहे. आपल्याला हा लाभ नको, असा त्याचा अर्थ. इंग्रजी न वाचता पुढे-पुढे दाबत जाणाऱ्या मुलांनी तोही दाबला आहे आणि नंतर अर्ज पूर्ववत करण्यासाठी खेटे घातले आहेत. वर्गात पाच मिनिटे पडद्यावर तो दाखवा.

बँकेचे खाते आणि आधार हा विषय मात्र सावकाश वाचा. मंजूर झालेला अर्ज इथे अडकतो, आणि इथे अडकला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मुलगा पासबुकाची झेरॉक्स देतो आणि समजतो, पैसे या खात्यात येणार. पैसे खाते क्रमांकावर येतच नाहीत, आधार क्रमांकावर येतात. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नकाशात, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेला जोडला आहे याच्या यादीत, त्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव आहे, तिथे रक्कम जाते. त्या नकाशात एका वेळी एकच बँक असते, आणि जी शेवटी जोडली ती. बँकेत ‘आधार लिंक आहे का?’ विचारले की कारकून ‘आहे’ म्हणतो. त्याच्या मनात असते केवायसी, म्हणजे खात्याला आधार नोंदलेले आहे. आपल्याला हवे ते सीडिंग, म्हणजे त्या नकाशात आधारसमोर या बँकेचे नाव लागणे, वेगळे. त्यासाठी डीबीटीची, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याची, संमती देणारा स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो.

तपासणे मोफत आहे आणि दोन मिनिटांचे आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायचे. तिथे बँकेचे नाव, जोडल्याची तारीख आणि ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘इनॲक्टिव्ह’ दिसते. मुलीचे खाते जिल्हा बँकेत आणि पडद्यावर दिसते आहे एखादी पेमेंट बँक, असे खूपदा होते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेले खाते असते ते. लाडकी बहीण योजनेच्या वेळी घाईघाईने पोस्टाच्या बँकेत नवी खाती उघडली गेली, तेव्हा एकवीस पूर्ण झालेल्या पुष्कळ विद्यार्थिनींचे आधारही तिकडे गेले. अशा वेळी शिष्यवृत्ती ‘बुडालेली’ नसते. ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसलेली असते. पोर्टलवर ‘रक्कम वितरित’ दिसत असेल आणि पासबुक कोरे असेल, तर समाजकल्याण कार्यालयाला खेटा घालण्याआधी ही पडताळणी करा.

‘इनॲक्टिव्ह’ दिसले तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म नव्याने द्यायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा बघायचे. शाळेत असताना उघडलेले खाते असेल तर ते ‘छोटे खाते’ आहे का, हेही विचारायचे. त्यात एरवी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून जास्त जमा होत नाही. अभियांत्रिकीच्या शुल्कासारखी मोठी रक्कम त्यात अडकू शकते. पूर्ण केवायसी करून घेणे हाच उपाय. आणि ज्यांनी पंधराव्या वर्षानंतर आधारचे बोटांचे ठसे अद्ययावत केले नाहीत त्यांनी ते आधी करून घ्यावेत. ठसा किंवा चेहरा जुळला नाही की बाकी सगळे थांबते.

आता तुमच्या लॉगिनकडे येऊ.

दर वर्षी पोर्टल सुरू होते तेव्हा महाविद्यालयाने आपले प्रोफाइल, अभ्यासक्रम, तुकड्या आणि मंजूर शुल्क भरायचे असते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत हे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेले असते. हे भरलेले नसेल तर मुलाला ‘चालू अभ्यासक्रम’ या पानावर तुमच्या कॉलेजचे नाव दिसते, पण त्याचा अभ्यासक्रम दिसत नाही. मग तो जवळचा वाटेल तो निवडतो: बीकॉमच्या जागी बीकॉम ऑनर्स, किंवा मराठी माध्यमाच्या जागी इंग्रजी. शुल्क चुकीचे येते, अर्ज परत जातो. मूळ चूक त्याची नसते, पण शेरा त्याच्या नावावर पडतो. नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची नावे बदलली तेव्हा तर हा प्रकार ठिकठिकाणी झाला. मुलांना अर्ज भरायला सांगण्याआधी लिपिकाने स्वतः एक नमुना प्रोफाइल उघडून प्रत्येक वर्गाचा अभ्यासक्रम यादीत दिसतो का, हे पाहावे.

मग येतात साचलेले अर्ज. लिपिकाकडे परीक्षा विभागही असतो, प्रवेशही असतात आणि ‘मुदतवाढ मिळतेच’ हा अनुभवही असतो. मुदतवाढ मिळते हे खरे. पण शेवटच्या दोन दिवसांत सगळे अर्ज एका क्लिकवर पुढे ढकलले, की विभागाचा माणूस त्यातले निम्मे त्रुटी काढून परत पाठवतो. ते पुन्हा भरायला मुलांकडे उरतात चार दिवस, तेही सेमिस्टर परीक्षेचे. प्राचार्यांच्या लॉगिनचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन निवृत्त झालेल्या प्राचार्यांच्या खिशात असतो, हेही काही विनोदाने लिहीत नाही. नवे प्राचार्य रुजू झाले की पहिल्या आठवड्यात हा नंबर बदलून घ्यायचा असतो. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरही तेच: संस्थाप्रमुख आणि नोडल अधिकारी या दोघांचे आधार प्रमाणीकरण झालेले नसेल तर एकाही मुलाचा अर्ज पडताळता येत नाही.

परत पाठवताना शेरा लिहा. ‘डॉक्युमेंट प्रॉपर नाही’ हा शेरा नव्हे. ‘उत्पन्नाचा दाखला २०२३-२४ चा आहे, २०२४-२५ चा जोडा’ हा शेरा. ‘परत पाठवा’ आणि ‘नाकारा’ या दोन बटणांतला फरक नव्या लिपिकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. परत पाठवलेला अर्ज दुरुस्त होतो, नाकारलेल्यासाठी वरच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

केंद्राच्या योजनांचा उल्लेख तुमच्या बोर्डावर क्वचितच असतो म्हणून थोडक्यात. बारावीला आपल्या मंडळात आणि शाखेत वरच्या वीस पर्सेंटाईलमध्ये, म्हणजे ऐंशी पर्सेंटाईलच्या वर, असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलांना केंद्रीय क्षेत्र योजनेतून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० मिळतात, पदव्युत्तरला २०,०००. ऐंशी पर्सेंटाईल म्हणजे ऐंशी टक्के नव्हे. मंडळाने जाहीर केलेला कटऑफ बघायचा. नूतनीकरणाला पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तंत्रशिक्षणातल्या मुलींना प्रगती आणि चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सक्षम, दोन्ही वर्षाला ५०,००० रुपयांच्या आणि आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेच्या. प्रगतीचा अर्ज पहिल्या वर्षी किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना करायचा असतो. ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हणणारी मुलगी कायमची हुकते.

शुल्कावरून होणारा संघर्ष आम्हांला दोन्ही बाजूंनी समजतो. शासनाचे पैसे उशिरा येतात आणि विनाअनुदानित संस्थेला पगार दर महिन्याला करायचे असतात. पण पात्र मुलाकडून सगळे शुल्क आगाऊ मागणे, परीक्षेचा अर्ज अडवणे, शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवणे याला शासनाच्या सूचनांत आधार नाही. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यातले शुल्क त्याने कॉलेजला द्यायचे असते, भत्ता त्याचा स्वतःचा. मुलाला हे ठाऊक नसते. घरी खताचे, दवाखान्याचे देणे असते, पैसे आले तसे जातात, आणि चार महिन्यांनी कॉलेज त्याला बुडव्या ठरवते. प्रवेशाच्या दिवशीच एक चिठ्ठी हातात द्या: ‘तुमच्या खात्यात अंदाजे इतकी रक्कम येईल. त्यातील इतके रुपये महाविद्यालयाचे शुल्क आहे, इतके तुमचा भत्ता.’ खाली पालकांची सही. हमीपत्रावर सही घेता, मग या चिठ्ठीवरही घ्या.

ज्यांना यातले काहीच लागू होत नाही त्यांना ‘काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो, आणि बँक तोंडी नकार देते तेव्हा तिथला अर्ज क्रमांक कामाला येतो. ओबीसी महामंडळ देशातल्या शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज परत करते. पण हप्ते वेळेवर भरले तरच, हे आधी सांगायला हवे. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर ग्रंथालय आणि प्रयोगशाळेतली कामे तिच्यासाठी राखून ठेवा. आणि अर्जासाठी आगाऊ ‘प्रोसेसिंग फी’ मागणाऱ्या शिष्यवृत्तीच्या जाहिराती तुमच्या बोर्डावर लागू देऊ नका. वर सांगितलेल्या कुठल्याही सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नाही.

तेवढा तो नोटीस बोर्डावरचा कागद बदला. आमचा मसुदा असा:

‘प्रत्येक शिष्यवृत्तीला गुणांची अट असते असे समजू नका. आपली योजना कोणती, हे खिडकी क्रमांक ___ वर विचारा. येताना उत्पन्नाचा दाखला, कॅपचे वाटपपत्र आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. बँक सीडिंग इथेच तपासून मिळेल. स्कॅनिंग मंगळवारी व शुक्रवारी दुपारी २ ते ५, ग्रंथालयात, मोफत. जमा झालेला अर्ज महाविद्यालयाकडून ७ दिवसांत पुढे जाईल किंवा कारण लिहून परत येईल. तसे न झाल्यास भेटा: ______.’

त्या शेवटच्या रिकाम्या जागेत ‘शिष्यवृत्ती विभाग’ असे लिहू नका, एका माणसाचे नाव लिहा.

कळावे,

आपले,
शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे काही जण